डोमाजींचा मंच आणि गालिच्याखालची फुली

आमच्या वॉर्डातला प्रीतम इतकं बारीक शिकलाय, की नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत त्याला फारसा रस उरलेला नाही. थरावर थर चिकटवून केलेल्या वस्तू आतून कशा फुटतात, याचं गणित तो कंप्युटरवर मांडतो. आधी केसाहून बारीक तंतूत चीर, मग थर एकमेकांपासून सुटणं, मग अख्खी फळी. हे तिन्ही हिशेब एकमेकांना जोडले, की वस्तू कुठून मोडणार ते आधीच कळतं म्हणे.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात याचा उपयोग काय, असं लोक विचारत. उपयोग त्याच्या अंगणातच पडून होता. वडील डोमाजी मंडपवाले. "डोमाजीचा मंच कार्यक्रमात कधी पडला नाही," या एका वाक्यावर त्यांचा धंदा पार परसवाडा तालुक्यापर्यंत चाले.

पण गेल्या पावसात प्लायवूड भिजलं. चांगल्या फळ्या वारासिवनी गावच्या एका लग्नात गेलेल्या. वॉर्डातल्या बुद्धविहाराच्या वर्धापनदिनाच्या सकाळी प्रीतमनं मधल्या फळीवर खडूनं फुली मारली.

"बाबा, हे इथून जाईन. आतले थर सुटून राह्यले."

"काहून बे? वरून तं गुळगुळीत आहे."

"आतूनच सुरू होते ना ते. तंतूपासून."

"मंचावर तंतू बसते का अध्यक्ष बसते?" डोमाजींनी फुलीवर लाल गालिचा अंथरला. तरी पोराचं मन राखायला खुर्च्या पाचच मांडल्या.

प्रीतमनं हिशेबात पाच खुर्च्या धरल्या. आमचा वॉर्ड धरला नाही. आमच्याकडे एकाला मंचावर बोलावलं, की दुसऱ्याला खाली ठेवता येत नाही. माइकवरच्या घनश्यामनं अध्यक्षांना बोलावलं, तसे माजी अध्यक्ष रुसले. ते चढले, तर भरवेली खाणीतले जुने मुकादम मोतीलालजी चपला घालून घरी निघाले. त्यांना हाताला धरून आणलं. मग शेवंताबाई कडाडल्या, "आमी काय फक्त सतरंज्या झटकाले?" महिला मंडळही वर. भाषण सुरू झालं तेव्हा ऐकायला खाली सतरंजी तेवढी उरली होती.

गालिच्याखाली कर्रकन वाजलं. डोमाजींचा चेहरा उतरला. त्यांनी पोराकडे पाहिलं. प्रीतमनं माइक ओढला.

"जेवण सुरू झालेलं आहे!"

इतक्या झपाट्यानं रिकामा होणारा मंच मी कधी पाहिला नाही. माजी अध्यक्ष तर पायऱ्यांच्या भानगडीत पडलेच नाहीत.

पण भात अजून चुलीवर होता. रिकामी ताटं घेऊन मंडळी परतली आणि जाब विचारायला थेट मंचावर चढली.

"खाली या ना जी, खाली सांगतो!" प्रीतम हात जोडत होता.

"माइकवर खोटं बोलला, आता माइकवरच सांग!" मोतीलालजींनी त्याला वर ओढलं आणि पाय आपटला.

कडाड! प्रीतम, मोतीलालजी आणि दोन ताटं बरोबर फुलीवर, कमरेपर्यंत आत. खरचटलं कोणालाच नाही.

"बाबा, फुलीवरच गेलं ना!" प्रीतम खड्ड्यातून हर्षानं ओरडला. मग बापाचं तोंड दिसलं, तसा पडलेली ताटं गोळा करू लागला.

घनश्याम हळूच म्हणाला, "डोमाजीभाऊ, शेवटी पडलाच तुमचा मंच."

"पडला, हौ." डोमाजींनी पोराच्या बगलेत हात घालून त्याला वर ओढलं. "पण कार्यक्रमात नाही पडला. भांडणात पडला. भांडणाचं बुकिंग केलतं का कोणी?"