सोनीआत्याचं कार्ड

लिस्बनच्या विमानतळावर उतरलो आणि मॅडमनी आधी काय केलं असेल, तर हात पुढे केला. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी सोनीआत्याच्या नावाचं कार्ड नुकतंच तिच्या हातात ठेवलं होतं. दर आठवड्याचे पैसे त्यात जमा होणार होते. "हे चोरांचं शहर आहे, माझ्याकडेच राहू दे," म्हणत मॅडमनी कार्ड घेतलं, मागे चिठ्ठी चिकटवून त्यावर पैसे काढायच्या मशीनमध्ये दाबायचा गुप्त नंबर लिहिला आणि पर्समध्ये टाकलं. अशी सुरक्षितता! माझं डोकं तिथेच फिरलं होतं.

आत्या साखरशेतची, वारली चित्रं काढणारी. मी जव्हारच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी. मॅडम मुंबईच्या, आम्हाला घेऊन आलेल्या. तीन महिने राहून आत्याने प्रदर्शनासाठी तिथल्या एका संग्रहालयाची भिंत रंगवायची होती. त्या पैशातून घरावर पत्रे टाकायचे, एवढंच तिच्या मनात. पेंढ्याचं छप्पर दर वर्षी शाकारून ती वैतागली होती.

शहर मात्र छान. सगळे चढउतार, आमच्या घाटासारखे. बाजारात बाकल्याउ (खारवलेला सुका मासा) टांगलेला दिसला, तेव्हा आत्या जव्हारच्या आठवडेबाजारात सुकट घ्यावी तशी वास घेत उभी राहिली. तिला एक तुकडा घ्यायचा होता. त्यासाठीही मॅडमकडे पैसे मागावे लागले, आणि स्वतःच्याच पैशातले दोन युरो मिळाले, तेही "जपून हं" म्हणून.

मग एके दिवशी एलेत्रिकोमध्ये (तिथली ट्राम) मॅडम आम्हाला खिसेकापूंपासून कसं सावध राहायचं ते समजावत होत्या. उतरल्यावर पाहतात तर पर्स उघडी. पाकीट गेलं, कार्ड गेलं, नंबराची चिठ्ठीही गेली. आम्ही बँकेत पोचेपर्यंत चोराने आत्याचे महिनाभर साठलेले पैसे काढून नेले होते.

काउंटरवर चष्मा लावलेले वयस्क गृहस्थ होते. कार्डवाल्या बाईशीच बोलेन, म्हणाले. नंबर कुणाला दिला होता का, एवढंच त्यांनी विचारलं. दिला असेल तर भरपाई मिळणार नव्हती.

मी मराठीत सांगायच्या आत मॅडम आत्याच्या कानाशी लागल्या. "मशीनपुढे गांगरले, मागून कुणीतरी नंबर पाहिला, असं सांगा मावशी. खेड्यातली बाई म्हणून ते समजून घेतील. पैसे परत मिळतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक हिची, आणि गावंढळ ठरायचं आत्याने! पण खोटं सांगितलं तर पत्रे येणार होते. मी आत्याकडे पाहिलं. तू म्हणशील ते सांगते, म्हटलं.

आत्या म्हणाली, "मी गांगरली नाय. मला कुणी मशीनपुढं उभंच केलं नाय. असंच सांग त्याला."

मी तसंच सांगितलं, शब्दन् शब्द. पैसे गेले. त्या गृहस्थांनी नवं कार्ड दिलं, ते आत्याच्या हातात, आणि नंबर तिलाच निवडायला लावला. ती बटणं दाबत असताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मॅडम वाकून बघायला गेल्या, तर आत्याने वरून पदर धरला.

त्यानंतर मॅडम आमच्याशी धड बोलल्या नाहीत. गेलेल्या पैशातला एक पैसाही त्यांनी आजवर भरून दिलेला नाही. वर मुंबईत सांगत फिरल्या, की या लोकांना मदत करणं अवघड असतं. अजून आठवलं की संताप होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर परतलो. उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे आत्याच्या जव्हारच्या खात्यात आले होते, आणि त्या खात्याचंही कार्ड तिला मिळालं होतं. पत्रे अर्ध्या घरावर टाकता येतील एवढंच. जव्हारला तेव्हा नुकतंच एटीएम लागलं होतं. गावोगावची माणसं तिथल्या रखवालदाराला कार्ड द्यायची आणि रांगेतूनच मोठ्याने नंबर सांगायची. चांगला माणूस, कुणाला फसवल्याचं ऐकलं नाही. सवयीने त्याने हात पुढे केला.

"आण आजी. नंबर बोल, मी काढून देतो."

आत्याने कार्ड मुठीत धरलं. "तू तोंड तिकडं कर," ती म्हणाली.

तो हसला. ती हलेना, तेव्हा निमूट रस्त्याकडे वळला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही तोंड फिरवलं.