'वर्तणूक समाधानकारक'

शेकडो गुन्हे तपासले, त्यातली बरीच नावे आता विसरलो. ही एक बाई मात्र आजही आठवते.

कळमेश्वर तालुक्यातल्या एका गावात रोज बायकोला मारणाऱ्या एका माणसाचा खून झाला. बायको आणि तिचा भाऊ, दोघांना मी अटक केली. भाऊ तोंड उघडेना. बाई पहिल्याच चौकशीत खाली मान घालून म्हणाली, "मीच मारलं, साहेब." इतक्या शांतपणे कोणी खोटे बोलत नाही, असा माझा समज होता. दोघांवर दोषारोपपत्र गेले.

कारागृहात भावाने थैमान घातले. ताटे फेकली, गजांवर डोके आपटले, एका कैद्याचा हात मोडला. आठवड्यात डॉक्टर आले, औषधे सुरू झाली. बाई मात्र महिला बराकीत सगळ्यांची भांडी घासायची. तिच्या नोंदीत शेरा होता, 'वर्तणूक समाधानकारक'.

चार महिन्यांनी तिथल्या एका महिला शिपायाने मला कोर्टाच्या आवारात गाठले. "साहेब, ते बाई झोपतच नाही. भिंतीकडे तोंड करून नवऱ्याशी बोलत राह्यते. नखांनी हात सोलून टाकले तिनं. पण आरडाओरडा करत नाही ना, म्हणून कोणी लक्षच नाही देऊन राहिलं."

न्यायालयाची परवानगी घेऊन आधी भावाला भेटलो. औषधांनी तो भानावर आला होता. ढसाढसा रडला. "मी मारलं साहेब, एकट्यानं. ते तर तवा रेशनच्या दुकानात होती. तिले काहून आणलं तुमी?"

दुकानातल्या मशीनवर तिच्या अंगठ्याची नोंद निघाली. वेळ खुनाचीच होती.

मग तिच्यासमोर बसलो. "खोटं काहून सांगितलं, बाई?"

"खोटं नाही साहेब. माह्यामुळंच मेला ना तो. तोच रोज येऊन सांगते मले."

ती सुटली. रामटेकहून आई न्यायला आली, पण तिने आईला ओळखले नाही. उपचार झाले, फार उशिरा. ती अजून आईजवळच आहे, कोणाशी बोलत नाही.

पुरुष कैदी बिघडला की ताटे फेकतो, मारामारी करतो. त्याचा आपल्याला त्रास होतो, म्हणून डॉक्टर येतो. बाई बहुधा स्वतःलाच ओरबाडते आणि आपण तिला शहाणी म्हणतो. कारागृहाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. तिला शहाणी समजणारा पहिला माणूस मी होतो.