होडीत चपला

पायांच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, या शाखेत का आलात. कुणी म्हणालं, रात्रीची ड्युटी नसते. कुणी म्हणालं, मधुमेहाचे पेशंट वाढतायत, काम कमी पडणार नाही. मी म्हटलं, आवड आहे. खोटं होतं. पाय कुणाला आवडतात?

मालवणच्या किनाऱ्यावर आमची मासेमारीची होडी आहे. बाबांना मधुमेह. डॉक्टरांनी बजावलं होतं, अनवाणी चालायचं नाही. रस्त्याने ते चपला घालून जायचे आणि होडीपाशी काढून ठेवायचे. मी चिडायचे. "चपला घालून होडयेर कोण चढता गो?" एवढंच ते म्हणायचे. होडीला नारळ वाढवणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार. शिवाय पायांची जुनी आग थांबली होती, म्हणून पाय सुधारलाय, असं त्यांना वाटत होतं. "आता काटो टोचलो तरी दुखणा नाय," असं ते आईला कौतुकाने सांगायचे. तिलाही बरं वाटायचं.

मग एक दिवस माशाचा काटा तळव्यात मोडून राहिला. त्यांना कळलंच नाही. जखमेचा वास आला तेव्हा आईला कळलं. उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आता मी रोज पेशंटना सांगते, अनवाणी फिरू नका. गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबा कुबड्या घेऊन होडीपर्यंत आले. समुद्रात ते जात नाहीत, होडीत नुसतं घटकाभर बसायचं होतं. मी मागेच उभी होते. त्यांनी होडीला टेकून तोल सावरला आणि उरलेल्या पायातली चप्पल काढली.