फ्लेक्सवरची मॅम

तालोन गावात कुणाच्या घरी काय चाललंय हे बघायला आत जावं लागत नाही. सगळं फाटकावर टांगलेलं असतं. मुलगी नर्स झाली, लावा फ्लेक्स. मुलगा बोटीवर लागला, लावा फ्लेक्स. बालवाडीतलं पोर पाठांतरात तिसरं आलं तरी आईबाप त्याला पदवीचा झगा चढवून फोटो काढतात आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून लटकवतात. खालच्या कोपऱ्यात कपितान रुस्तिकोचा हसरा चेहरा असतोच, कारण छपाईचा खर्च तो करतो. गावचा कारभारी झाल्यापासून त्याला गटार साफ करायला सवड मिळालेली नाही, पण अभिनंदनात त्याने कधी कुचराई केली नाही.

आर्जेलिनचा फ्लेक्स गावात सगळ्यात मोठा होता. फाटकाला पुरेना म्हणून तेम्योंगने, तिच्या बापाने, तो फाटकापासून आंब्याच्या झाडापर्यंत ताणून बांधला होता. 'आपल्या शाळेच्या नव्या शिक्षिका मॅम आर्जेलिन यांचं हार्दिक अभिनंदन.' फोटोत ती छपाईवाल्याने संगणकावर चढवलेल्या शिक्षिकांच्या निळ्या गणवेशात उभी होती, हातावर हात ठेवून. शेजारी कपितान, तिच्यापेक्षा अंमळ मोठाच.

फक्त एवढंच की ती शिक्षिका झालेली नव्हती.

झालं असं होतं. गावच्या शाळेतल्या जुन्या मॅम निवृत्त झाल्या आणि एक जागा मोकळी झाली. आर्जेलिन शिक्षकाची परीक्षा पास होऊन बसली होती त्याला बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक खेपेला गुणवत्तेच्या यादीत तिचं नाव मधेच कुठेतरी असायचं, या खेपेला ते पहिलं आलं. मुख्याध्यापकांनी ही बातमी तेम्योंगला त्याच्याच तीनचाकीत बसल्या बसल्या सांगितली. "तुमच्या पोरीचं नाव सगळ्यात वर आहे बरं का." तेम्योंगने त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही. त्यांना उतरवून तो तडक छपाईच्या दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने डुक्कर भाजलं, सगळी गल्ली जेवायला बोलावली, आणि निळ्या गणवेशाचं कापड तर त्याने आधीच शिवायला टाकलं होतं. बाजारात तुरी, म्हणतात ना, तशातली गत.

यादीत नाव वर असणं आणि नेमणूक हातात पडणं यांच्यामध्ये एक सही असते. मुलाखतीचे गुण पुन्हा तपासायचं निघालं. तपासल्यावर कपितानची भाची मारिझेल पहिली आली. मारिझेल पोर वाईट नाही, हसून बोलते, अक्षर सुंदर आहे. पण वशिल्याचं तट्टू ते तट्टूच, त्याला अक्षर काय करणार? कपितानने मात्र अभिनंदनाचा फ्लेक्स उतरवा असं म्हटलं नाही. निवडणूक जवळ आली होती आणि जागा मोक्याची होती.

मारिझेलचं नाव लागलं त्या संध्याकाळी भात आणि सुकी मासळी पुढ्यात घेऊन बापलेक बसले होते.

"तातांग, फ्लेक्स काढू या," आर्जेलिन म्हणाली.

"काढू की." तेम्योंग काटे बाजूला करत राहिला. "पण इतक्यात नको. लोक काय म्हणतील?"

"विचारतील तर सांगू ना, नाही मिळाली नोकरी."

"अगं विचारणारच नाहीत, तीच तर पंचाईत आहे. विचारलं असतं तर सांगून मोकळे झालो असतो."

खरंच होतं ते. ज्यांनी त्याच्या दारात डुक्कर खाल्लं होतं ते कसे विचारणार? तेव्हा तेम्योंगने तीनचाकीच्या थांब्यावर, कुणी न विचारताच सांगून टाकलं, की आर्जेलिनला शहरातली मोठी शाळा मिळाली, गावची शाळा तिला लहान पडली असती. थांब्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तालोनमध्ये दुसऱ्याची मूठ उघडायला कुणी जात नाही.

मला विचाराल तर आर्जेलिनने त्या दिवशी ताट भिरकावून द्यायला हवं होतं. तिने ताट धुतलं. सकाळी तिला शहरात जायचंच होतं, तिथल्या मॉलमध्ये ती कामाला होती. तिने निळा गणवेश चढवला, बापाच्या तीनचाकीतून शहराकडे प्रवासी नेणाऱ्या जीपनीच्या थांब्यापर्यंत गेली, आणि मॉलच्या मागच्या बाजूला कामगारांच्या न्हाणीघरात जाऊन दुकानाचा काळा स्कर्ट घातला. निळा गणवेश पिशवीत गेला. संध्याकाळी उलट. काही आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की हे करताना आपल्याला लाज वाटत नाही, राग येत नाही, काहीच होत नाही. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं.

मॉलमध्ये नोकरी पाच महिन्यांची असते. सहाव्या महिन्यात माणसाला कायम करावं लागतं, म्हणून पाचव्याच्या अखेरीस सगळ्यांना घरी पाठवतात आणि नवी पोरं घेतात. जुनी पोरं दुसऱ्या मॉलच्या दारात, पुन्हा उंची मोजून घ्यायला, दात दाखवायला. आर्जेलिनने अत्तरं विकली होती, चादरी विकल्या होत्या, आता ती बुटांच्या विभागात होती. एक तुकडी संपली की पोरी आपसात वर्गणी काढून पांसित मागवतात. या लांब शेवया वाढदिवसाला खातात, आयुष्य लांबावं म्हणून.

"खा गं, आयुष्य वाढतं," शेजारच्या काउंटरवरची रोसेल मागच्या वेळी म्हणाली होती.

"आयुष्य वाढून काय करू? करार वाढव म्हणावं शेवयांना."

दोघी हसल्या होत्या. पण तेव्हा निदान पुढच्या खेपेला यादीत नाव वर येईल अशी आशा होती. आता नाव वर येऊन गेलं होतं, आणि बुटांचा करारही महिना संपला की संपणार होता. पुढे काय, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं एक उत्तर कुवेतमध्ये होतं.

कुवेतमध्ये तिची आई होती. आर्जेलिन पाचवीत असताना ती लोकांच्या घरी कामाला म्हणून गेली, लेकीला हे करायला लागू नये म्हणून. लेक शिक्षिका व्हावी, खडू हातात धरावा, दुसऱ्याची फरशी पुसू नये. रविवारी तिचा फोन यायचा. घराबाहेर खरं काय ते तिला एकटीलाच माहीत होतं.

"आमच्या बाईच्या बहिणीला माणूस हवंय," आई म्हणाली. "पण शिक्षिकाच हवी. मुलांना इंग्रजी आलं पाहिजे म्हणते."

"म्हणजे शिकवायचं?"

"शिकवायचं. आणि जरा घर बघायचं."

"स्वयंपाक?"

"त्याला दुसरी आहे. तुला भांडी फक्त. आणि कपडे." आई घाईने पुढे म्हणाली, "मी नाही म्हणत ये म्हणून. मी फक्त सांगतेय. करार संपतोय ना तुझा?"

"बघते, नानाय."

आईला हो ऐकायचं नव्हतं आणि नाही ऐकणंही परवडणार नव्हतं. दोघींनी मग हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

शाळा उघडायच्या दिवसांत बुटांच्या विभागात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुपारी लोला पासिंग तिथे आली. लोला पासिंग म्हणजे फाटकासमोरच्या टपरीवाली आजी. फ्लेक्सच्या बरोबर समोर बसून ती दिवसभर साबण, अंडी, सुट्या सिगारेटी विकते. सोबत नात होती, चेस्का, पहिलीत जाणारी. आर्जेलिन एका बाकापाशी गुडघे टेकून बसली होती. मान वर केली तर समोर हे दोन पाय आणि वर हे दोन चेहरे.

"लोला, या आपल्या मॅम," चेस्का म्हणाली आणि उभी राहून, बालवाडीत शिकवलेल्या सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅम."

लोला पासिंगने आर्जेलिनकडे बघितलं. छातीवरची नावाची पट्टी बघितली, काळा स्कर्ट बघितला. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "छे गं, या मॅम कशा असतील? मॅम या वेळेला शाळेत असतात. या नुसत्या तशा दिसतात." आणि आर्जेलिनकडे वळून, नजर बुटांवर ठेवून, "मिस, कवायतीचे पांढरे दाखवता का हिच्या मापाचे?"

म्हातारीने हे मायेने केलं, हे आर्जेलिनला कळलं. टपरीवर बसून ती हे कधीचं ओळखून असणार आणि कुणाकडे बोलली नसणार. तोंडावर गप्प, पण पाठीमागे कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा गावात एका म्हातारीने तिच्यासाठी तो सांभाळून ठेवला होता. आर्जेलिनला रडू यायला हवं होतं. ती "आणते" म्हणाली आणि आत जाऊन पांढरे बूट घेऊन आली.

बूट बसले. चेस्काला लेस बांधता येत नव्हती.

"घरी मी बांधते," लोला म्हणाली.

"वर्गात कोण बांधणार?" आर्जेलिनने लेस सोडली. "हे बघ. एक कान कर सशाचा. आता दुसरा. आता हा कान त्याच्याखालून बिळात घाल. ओढ. नाही, हळू. पुन्हा."

मागे रांग वाढली. विभागाच्या साहेबाने लांबून भुवया उंचावल्या. आर्जेलिनने त्याच्याकडे पाहिलं नाही. चेस्काने पाच-सहा वेळा चुकवली आणि मग एकदाची गाठ बसली. वाकडी होती, पण सुटली नाही. त्या तेवढ्या वेळात आर्जेलिनला आपले गुडघे दुखताहेत हे जाणवलं. कित्येक दिवसांत तिला काही जाणवलं नव्हतं.

रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांशी गाव जमलेलं होतं. कपितान हस्तांदोलनं करत होता, मारिझेल त्याच्या मागे उभी होती. तेम्योंग तीनचाकी पुसत होता. चेस्का गर्दीतून धावत आली आणि आर्जेलिनपुढे पाय केला.

"मॅम, बघा. मी बांधली. तुमच्यासारखीच दिसणारी एक मिस आहे मॉलमध्ये, तिने शिकवलं."

लोला पासिंग घाईघाईने मागून आली. "चल गं, मॅमना त्रास नको देऊस." आजूबाजूचे सगळे एकदम दुसरीकडे बघू लागले. असं बघण्यात तालोनचा हात कुणी धरणार नाही.

आर्जेलिनला नुसतं "शाब्बास" म्हणायचं होतं. तेवढ्याने भागलं असतं. फ्लेक्स राहिला असता, निळा गणवेश राहिला असता, बापाची मान ताठ राहिली असती. पण इतक्या वर्षांत तिने एकच धडा शिकवला होता, आणि त्याचं श्रेय दुसरीच कुणी तरी घेऊन चालली होती.

"ती मीच होते, चेस्का," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही, उतरवलाही नाही. "मी मॉलमध्ये बूट विकते. शाळेत नाही शिकवत. तुझी लेस मी शिकवली."

चेस्काने थोडा विचार केला. "मग दुसऱ्या पायाची बघा ना. ती सैल होते."

आर्जेलिन पायरीवर बसली आणि दुसऱ्या पायाची बघू लागली. कपितान कुणाशी तरी पिकाबद्दल मोठ्याने बोलायला लागला. तेम्योंगने फडकं घडी करून सीटखाली ठेवलं. दोघं घरी आली. दारात गाडी लावून तो शेजाऱ्याकडून शिडी घेऊन आला.

"धर जरा," एवढंच म्हणाला.

तिने शिडी धरली. आंब्याकडची दोरी जून झाली होती, ती कापावी लागली. फ्लेक्स खाली आल्यावर त्याने चेहरा आत जाईल अशी गुंडाळी केली आणि पडवीत उभी करून ठेवली. फाटकाच्या वर एकदम खूप आभाळ दिसायला लागलं. समोर लोला पासिंग अंडी मोजत होती आणि मान वर करत नव्हती.

"तुझ्या नानायचा फोन येईल आता," तेम्योंग म्हणाला आणि मागच्या दारी निघून गेला. त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता. खोकला नव्हता तो.

फोन आला. आई आधी पिकाचं बोलली, मग लोला पासिंगच्या गुडघ्याचं.

"मुलं किती आहेत त्या बाईला?" आर्जेलिनने विचारलं.

आई म्हणाली, "तीन."

"केवढी?"

"मोठा नऊ-दहाचा असेल. धाकटी सहाची."

"लेस बांधता येते का त्यांना बुटाची?"

"कशाला यायला हवी?" आई म्हणाली. "आपण बांधतो ना."