आमच्या दुकानाचा हात

समस्त तिरुवल्लिकेणीकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या फुलवाल्या घराण्याच्या चौथ्या पिढीचा हात आखूड निघाला. चौथी पिढी म्हणजे मी.

हसू नका! चेन्नईत मल्लीचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे मुळमावर विकतात. मुळम म्हणजे विकणाऱ्याचं कोपर ते मधल्या बोटाचं टोक. पणजोबा तंजावरहून आले ते लांबलचक हात घेऊन (बाकी सामान एक ट्रंक). आजोबांचा हात तर गादीवरून थेट गिऱ्हाइकाच्या वेणीपर्यंत पोचे म्हणतात! आमचं मुळम गल्लीत सगळ्यांत लांब, त्यावरच दुकान चाललं. मी गादीवर बसलो आणि पहिल्याच सकाळी नेहमीच्या बायका निमूट समोरच्या दुकानात गेल्या.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला उठवून स्टुलावर बसवलं. काम एकच, फुलांवर पाणी शिंपडायचं. ओल्या मल्लीचा वास, देवळातून येणारा नागस्वर, समुद्राचं वारं... मी डोळे मिटून तरंगत राही. (एकदा एका मामींना आंघोळ घातली!)

"दुकान बुडणार," अप्पा म्हणाले. "सून तरी लांब हाताची आणू!"

नुंगंबाक्कमला मुलगी पाहायला गेलो. जानकी, गणिताची शिक्षिका. सोज्जी-बज्जीची (म्हणजे शिरा-भज्यांची) बशी तिनं जागेवरूनच टेबलापलीकडे माझ्या नाकाखाली ठेवली. अप्पांनी आईला कोपर मारलं. मी मात्र मांडीवरच्या मल्लीच्या टोपलीत नाक खुपसून केव्हाच ढगात पोचलो होतो.

"गाणं येतं का गं?" आईनं विचारलं.

"गाणं राहू दे!" अप्पांनी टोपलीतून माळ उपसली. "जानकीम्मा, एक मुळम मोज पाहू."

"अय्यो!" तिची आत्या कडाडली. "सून बघताय की मोजपट्टी?"

पण जानकीनं शांतपणे कोपर टेकवलं, माळ ताणली, तोडली. अप्पांचे डोळे भरून आले. "बाबांचा हात! अगदी माझ्या बाबांचा हात!"

"मग मुलाचंही मोजा की," आत्या म्हणाली.

मला हलवून ढगातून खाली आणण्यात आलं. मी मोजलं. बोटं ताणली, श्वास रोखला, नखंसुद्धा हिशेबात धरली! दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. माझा चार बोटं आखूड.

आत्यानं बज्जीची बशी मागे ओढली.

"मुलगी पसंत!" अप्पा घाईनं ओरडले. "लग्न झालं की शाळा सुटल्यावर गादीवर हीच बसेल. गल्ली पुन्हा आमची!"

आज इतक्या वर्षांनी गादीवर जानकीच आहे, आणि स्टुलावर, पाण्याचा तांब्या घेऊन, मी. पण त्या दिवशी तिनं आधी दोन तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्या नाकाला चिकटलेल्या पाकळीकडे, आणि मनातलं मोठ्यानं बोलून गेली,

"दुकानाला मी पसंत पडले, ते कळलं. पण मग ह्यांना कशाला आणलंत?"