एक काळा तळपाय

बायकोच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती आणि मी तिच्या तळपायाला काशाची वाटी घासत बसलो होतो.

यात अज्ञानापेक्षा माझा तोराच जास्त आडवा आला. वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी रेल्वे गावचा मे महिना इथे राहणाऱ्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. ऊन लागलेल्या माणसाच्या तळपायाला तेल चोळायचं, वर काशाची वाटी फिरवायची, पाय काळा पडला की अंगातली गर्मी उतरली, अशी आमच्याकडची रीत. आमच्या गल्लीत हे खातं माझ्याकडे आहे. कोणाला चक्कर आली की मला बोलावणं येतं, आणि मी दुकान सोडून, वाटी रुमालात गुंडाळून अशा रुबाबात निघतो की एखाद्या सर्जनने बाजूला होऊन वाट द्यावी.

त्या सकाळी बायको अंगणात कपडे वाळू घालत होती. हातातली चादर तिथेच सोडून ती मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"असं कधीच दुखलं नाई माह्यं," ती म्हणाली. "कोणी घण घातल्यावानी झालं." आणि उलटी केली.

"ऊन लागलं तुले," मी जाहीर केलं.

तिला खाटेवर निजवलं. कैरीचं पन्हं पाजलं, ते लगेच बाहेर आलं. खिडकीचा उजेड तिला सोसेना, तर मी पडदा ओढला आणि तेही उन्हाच्याच खात्यात जमा केलं. मग तिचा डावा पाय मांडीवर घेतला. इतक्या लोकांचे पाय घासले, पण एवढा काळा झालेला पाय मी पाहिला नव्हता.

"पाह्य, किती गर्मी निघून राह्यली," मी कौतुकाने म्हणालो.

ती डोळे मिटून पडली होती. आराम पडतोय, असं मी समजलो.

शेजारी थोरला भाऊ राहतो. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, अंगणात पडलेली चादर बघून आत आली. मी तिला ऊन लागल्याचं सांगितलं. वहिनीने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दारातून अंगणाकडे. अंगणभर अजून कडुनिंबाची गार सावली होती.

"भाऊजी, सकाळचे आठ वाजून राह्यले. सावलीत उभ्या बाईले ऊन कुठून लागलं?"

मी तळपायावर आणखी थोडं तेल ओतलं.

वहिनी बायकोच्या कानाशी वाकली. "हळूहळू दुखाले लागलं, का एकदम?"

"एकदम," बायको पुटपुटली. वहिनी तिला उठवायला गेली, तर मान वळेना. लाकडासारखी ताठ.

"गाडी काढा."

"दुसरा पाय राह्यला," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो. वहिनी अजून लग्नाकार्यात माझी नक्कल करून दाखवते.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मॅडमनी तपासायला घेतलं. डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबायला सांगितला, मग पायावरची चादर सरकवली आणि थबकल्या.

"हा पाय कधीपासून काळा आहे?"

त्यांनी घोट्याजवळ नाडी चाचपली. दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. दोघं त्या तळपायावर वाकले. वहिनीने मला कोपराने ढोसलं.

"मॅडम," मी घसा खाकरला, "तो मी केला."

मॅडमनी ओल्या कापसाने पाय पुसला. कापूस काळा झाला, पाय स्वच्छ निघाला. त्यांनी एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बायकोला स्कॅनला पाठवलं.

स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. मॅडमनी समजावलं ते असं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि तिथे फुगा धरतो. तो आहे हे बहुतेकांना कळतही नाही. फुटला की मात्र असंच होतं, एकाएकी, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखतं. आत्ता रक्त थांबलंय, पण तो पुन्हा फुटू शकतो, आणि दुसऱ्यांदा फुटला तर वाचवणं अवघड. त्याआधी तो बंद करायला हवा.

आता माझं दुकान आहे फवारणी पंपांचं. रबरी पाईप घेऊन शेतकरी येतो, मी बोट लावून सांगतो, "इथं फुगा आला, फुटाची वाट नको पाहू." जन्मभर फुगे ओळखून पोट भरलं, आणि घरचा फुटला तेव्हा मी पाय चेपत होतो.

"याले पॅच मारता येते का?" मी विचारलं.

"जवळजवळ तेच करतो," मॅडम म्हणाल्या. "जांघेतल्या नळीतून बारीक तार वरपर्यंत नेतो आणि फुगा आतून भरून टाकतो."

"मॅडम, माह्या घासण्यानं, पन्हं पाजण्यानं काही बिघडलं का?"

"घासण्याने नाही. उशिराने बिघडू शकलं असतं. आणि गुंगीत असलेल्या माणसाला पुन्हा पन्हं पाजू नका, श्वासात जातं."

तार नेली, फुगा भरला. पण शुद्धीवर आल्यावर ती बोलेल का, माणसं ओळखेल का, हे कोणी सांगेना. बाहेरच्या बाकावर मी आणि वहिनी बसून होतो. मला सारखं वाटायचं, ती डोळे उघडेल आणि मला विचारेल, तुम्ही कोण. माझ्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

"रडून नका राहू," वहिनी म्हणाली. "आली ना वेळेवर." ती वेळ कोणी गाठली, हे तिने बोलून दाखवलं नाही. तेवढं औदार्य तिने त्याच दिवसापुरतं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. बायकोचे डोळे उघडे होते. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. मॅडमनी तिला नाव विचारलं. तिने सावकाश सांगितलं. गाव विचारलं. सिंदी, म्हणाली, आणि थोडं थांबून, रेल्वे. मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि हे कोण?"

तिची नजर माझ्या तोंडावरून माझ्या हातांवर उतरली. मी खाटेची दांडी घट्ट धरली.

"डोकं दुखून राह्यलं होतं माह्यं," ती म्हणाली, "अन् पाय घासत बसलते, तेच हे."