अकोल्याच्या मामांचा फिरकीचा तांब्या

अकोल्याच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणावर म्हणून विश्वास ठेवला नाही, आणि तरी अकोल्यापासून तिवशापर्यंत लोक आपली घरातली भांडणं विश्वासानं त्यांच्याच पुढ्यात आणून टाकत. हे माझ्या आईचे मावसभाऊ. गाडी बडनेऱ्याला जाते का, हे ते स्टेशनमास्तरला विचारत, मग गार्डला, मग इंजिनापाशी जाऊन ड्रायव्हरला. आणि एवढं करून गाडी खरंच बडनेऱ्याला पोचली की थोडे हिरमुसूनच खाली उतरत. आईनं दिवाळीचं बोलावणं धाडलं की उलट टपाली उत्तर यायचं, "खरे कारण कळवावे." कुणी काहीही सांगितलं की मामा तीनदा विचारायचे, "नक्की?" तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे इतके बारीक व्हायचे की समोरच्याला आपलं नावही खोटं वाटू लागे. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना मुहूर्त तीनदा विचारला, तेवढ्यात तो टळायच्या बेताला आला होता.

शिक्षण जबलपूरला झाल्यामुळे मामांची हिंदी अस्सल होती. कापसाच्या हंगामात आमच्याकडच्या सरकी काढायच्या जिनांत हिंदी मुलखातले मजूर येत. त्यांची दुखणीखुपणी, बाळंतपणं, तंटे पाहायला एक सेवामंडळ होतं, आणि मामा त्याचे दुभाषे. वऱ्हाडी लोक म्हणत, "हा तं हिंदीवाल्यायचा माणूस!" हिंदीवाले म्हणत, "बाबूजी तो उन्हीं के हैं." मामांना राग नव्हता, कारण त्यांनाही दोघांचा संशयच होता. ज्याच्या घरचं पाणी प्यावं त्याच्या बाजूचे ठरू, म्हणून ते स्वतःचा फिरकीचा तांब्या काखोटीला मारून हिंडत. दुसरा नेम असा की एक शब्द गाळायचा नाही, एक पदरचा घालायचा नाही. एका मुकादमाला मजूर बाईनं दिलेल्या अकरा शिव्या त्यांनी वऱ्हाडीत क्रमवार ऐकवल्या आणि शेवटी "संपल्या" असंही सांगितलं.

वलगावच्या माळणीचं प्रकरण मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो, सुटीच्या दिवशी मामांबरोबर गेलो. ही माळीण जिनाच्या फाटकाशी वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. तीन वर्षांपूर्वी जबलपूरकडची एक मजूर बाई फार आजारी पडली, तिला गावी धाडलं, आणि जाताना तिनं आपली वर्षाची मुलगी या माळणीच्या मांडीवर ठेवली. आता ती बरी होऊन मुलीला न्यायला आली होती. माळीण म्हणाली, "देली होती तिनं मले." मजूर बाई म्हणाली, "सँभालने को दी थी." मामांची कळी खुलली. दोघींतली एक खोटं बोलते आहे, एवढं धरून त्यांनी दोघींना वेगवेगळं बसवून दुपार होईपर्यंत उलटसुलट विचारलं. पोर कशी निजायची? दोघी म्हणाल्या, कुणाचा तरी कान धरून. त्या दिवशी काय झालं? दोघी म्हणाल्या, काही बोलणं झालं नाही. एक रडली, दुसरीनं पोर उचलली. प्रत्येकीला तीनदा "नक्की" विचारून झालं. मामा माळणीच्या ओसरीवर येऊन बसले आणि मला हळूच म्हणाले, "दोघीही खरं बोलून राहिल्या रे. आता काय करू?" इतके भ्यालेले मामा मी कधी पाहिले नव्हते.

माळीण दारात आली. "आज आले तुमी तांब्या घिऊन. त्या दिशी कुठी होते?" मामा तांब्याची फिरकी फिरवत बसले.

तेवढ्यात माळणीच्या पदराआडून मुलगी बोलली, "माय, या बाईले सांग नं, तिच्या घरी जाय म्हना." मजूर बाईनं मोठ्या आशेनं विचारलं, "क्या बोली बाबूजी? मेरी बेटी क्या बोली?" मला वाटलं, आज तरी मामांनी नेम मोडावा. त्यांनी खाली मान घातली आणि शब्द न् शब्द सांगितला.  ती बाई गाठोडं उचलून म्हणाली, "ठीक बोलती है. मेरी बोली तो जानती नहीं, मेरे यहाँ रोएगी किसके आगे?" माळणीनं विचारलं, "काय म्हनून रायली ते?" मामांनी तेही जसंच्या तसं सांगितलं. माळणीनं पुढं होऊन ते गाठोडं तिच्या हातातून ओढून घेतलं. "राहू दे या बाईले अठीच. वाफ्यात काम काय कमी हाय? पोरीले मायची बोली येऊ दे, मंग पाहू."

"नक्की?" मामांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी माळीण खेकसली, "पानी प्या नं आता, तोंड सुकलं तुमचं!" तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. मामा तिच्या हातचं पाणी घटाघटा प्याले.

मजूर बाई गेलीच नाही, त्या घरचीच होऊन राहिली. मामा मात्र दर महिन्याला वलगावला जात. "भरोसा नाही मले," असं म्हणत, आणि जाताना पेढे नेत. मुलगी दोन्ही बोल्या सारख्याच बोलू लागली. मामांच्या शेवटच्या दुखण्यात ती अकोल्याला आली, दिवसभर उशाशी बसली. उठताना म्हणाली, "मामा, उद्या येतो मी." आम्ही सगळे मामांकडे पाहू लागलो, आता विचारतील म्हणून. त्यांनी डोळे मिटून नुसतं "बरं" म्हटलं.